वीतभर बिजागरी आणि बाकीचं विमान

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. माणूस नोकरी करतो, साहेबाची बोलणी खातो, रिटायर होतो, आणि मग एक दिवस लक्षात येतं की हाती दुसरं काही राहिलं नसलं तरी किस्से मात्र पोतंभर आहेत! माझ्या सगळ्या नोकऱ्यांमधली सगळ्यात छोटी नोकरी जेमतेम तीन महिन्यांची. पण मंडळी जमली, चहा आला, की मला पुढची तीस वर्षं आठवतच नाहीत. आठवते ती तेवढीच एक.

महायुद्ध ऐन भरात होतं. हवाई दलासाठी एका नव्या जातीचं विमान नमुन्यादाखल बनवलं होतं. जगात फक्त दोन! इथल्या उन्हात ते टिकतं का हे बघायला त्यातलं एक आपल्याकडं आणलं, आणि भर वैशाखात ते मुरबाड आणि शहापूरच्या मधल्या रानावर मोडून पडलं. आधी शेपटी सुटली, मग बाकीचं. लगेच पावसाळा आला, वाटा बंद झाल्या. तुकडे शोधणारं पथक येऊन पोहोचलं तेव्हा दसरा उलटून गेला होता. विमान पडलं होतं चार गावांत, पण मधल्या काळात लोकांनी ते उचलून दोन तालुक्यांत पोचवलं होतं.

विमान चालवणारा पायलट आपला होता. मोहिते नावाचा, साताऱ्याकडचा. विमान आल्यापासून हा त्यावर राखीव होता; गोरा पायलट तापानं आडवा पडला म्हणून त्या दिवशी ह्याला बसवलेलं. छत्रीनं उडी मारून तो वाचला, पण सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. त्याचं म्हणणं एकच होतं, शेपटीच्या बिजागरीला आधीपासून चीर होती. वरचे म्हणत होते, चीर-बीर काही नाही, ह्यानंच विमान वेडंवाकडं हाणलं. नाताळाच्या आत ती बिजागरी सापडली नाही, तर मोहित्यांच्या छातीवरचे पायलटचे पंख काढून घेऊन त्यांना घरी पाठवणार होते. बिजागरी होती वीतभर, आणि शोधायचे होते तालुके दोन!

* * *

पथकाचा कॅम्प आसनगाव स्टेशनाजवळच्या एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत होता. तिथं दुभाषी कारकून हवा असं कळलं म्हणून मी गेलो. मुख्य साहेबाचं नाव आमच्या जिभेला झेपणारं नव्हतं. त्याच्याकडं विमानाच्या एकूण एक भागाची जाडजूड छापील यादी होती, आणि ती तो उशाशी घेऊन झोपायचा. म्हणून सगळे त्याला यादीसाहेब म्हणत.

यादीसाहेबानं विचारलं, "विमानाची काही माहिती?"

मी खरं ते सांगितलं, "खालून पाहिलंय, साहेब."

"इंग्रजी?"

"दुसऱ्या खेपेला सुटलं."

"टायपिंग?"

"दोन बोटांनी."

"आणि मराठी?"

इथं मात्र मी छाती फुगवली. "जन्मापासून!"

यादीसाहेबाचा चेहरा उजळला. त्यानं कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेल्या एका माणसाकडं बोट दाखवलं. तो आमचा बाबू मिस्त्री. वाशिंदचा, रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलेला. "हा माणूस चार दिवस काहीतरी सांगतोय आणि काम करत नाही. त्याची मागणी काय आहे ती समजून घे. संप वगैरे नको."

मी मिस्त्रींपाशी गेलो. मिस्त्रींनी तोंडातला तंबाखू निवांत थुंकला आणि म्हणाले, "मागनी कसली रे! हा चार दिस माज्या हत्यारांच्या पेटीवर बसलाय. ऊठ म्हनून सांग त्याला, म्हंजे मी काम चालू करतो!"

त्याच क्षणी मला नोकरी लागली.

* * *

पहिल्याच आठवड्यात यादीसाहेबाला एक कल्पना सुचली. साहेबाला कल्पना सुचली की आमचं काम दुप्पट व्हायचं. मुरबाडच्या बाजारात दवंडी पिटवली, जो विमानाचा तुकडा आणून देईल त्याला बाटलीभर रॉकेल!

आता त्या काळात रॉकेल म्हणजे औषधालासुद्धा मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं ही रांग! मोडके विळे, नांगराचे फाळ, कंदिलाचं बूड, रेल्वेचे बोल्ट, जे जे म्हणून लोखंडी ते ते विमानाचं झालं. एकानं चक्क दाराची कडी आणली. मी म्हटलं, "बाबा, ही दाराची कडी आहे."

तो शांतपणे म्हणाला, "मंग? इमानाला दार नसंल का?"

यादीसाहेबाचं म्हणणं पडलं की नमुना नवा आहे, पुरता कुणीच पाहिलेला नाही, तेव्हा येईल ते ठेवून घ्या. ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी एक अगदी गरीब चेहऱ्याचा माणूस आला आणि त्यानं धोतराच्या सोग्यातून एक चकचकीत, आट्यांचं, गोल झाकण काढलं. साहेब खुर्चीतून उठला. "इंधनाच्या टाकीचं झाकण!" यादीत लाल पेन्सिलीनं टिक पडली, त्या माणसाला दोन बाटल्या मिळाल्या, आणि तो हात जोडून निघून गेला.

दुपारी आमचा इब्राहिम ड्रायव्हर लॉरी काढायला गेला आणि तसाच परत आला. "साहेब, रेडिएटरचं झाकण कुणी घेतलं?"

साहेबानं झाकणाकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, पुन्हा झाकणाकडं पाहिलं. मग जड आवाजात म्हणाला, "ते आता यादीत गेलं. यादीतलं बाहेर काढता येत नाही."

पुढं शेवटपर्यंत आमची लॉरी रेडिएटरला फडक्याचा बोळा कोंबून फिरली. महिनाअखेरीला वरून पत्र आलं, "सापडलेल्या तुकड्यांचं एकूण वजन मूळ विमानापेक्षा जास्त भरतं, खुलासा करावा." रॉकेल त्या दिवशी बंद झालं.

* * *

बाबू मिस्त्रींची एक फुशारकी होती. कुठलाही धातूचा तुकडा कानाशी धरून हातोडीनं टिचकी मारायची आणि सांगायचं, हा पंखाचा, हा इंजिनाचा, हा आपल्या कामाचा नाही. यादीसाहेबाचा ह्यावर बिलकूल विश्वास नव्हता. कानानं सामान ओळखायचं तर छापील यादी कशाला, असा त्याचा सवाल.

एका दुपारी जेवणाआधी त्यानं मिस्त्रींच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि हातात एक वस्तू दिली. मिस्त्रींनी टिचकी मारली, मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा मारली.

"शेपटीकडला पत्रा. डाव्या अंगाचा."

साहेब हसून हसून लालबुंद झाला. मी हसलो, इब्राहिम हसला. कारण ते इब्राहिमच्या डाळीच्या पातेल्यावरचं झाकण होतं! स्वयंपाकही इब्राहिमच करायचा.

मिस्त्रींनी टॉवेल सोडला, झाकण पाहिलं, पण गडी काही ओशाळला नाही. त्यांनी नखानं काजळी खरवडली. खाली बारीक आकडे ठोकलेले होते. साहेबानं हसू आवरत यादी उघडली, बोट फिरवत फिरवत खाली आला, आणि त्याचं हसू थांबलं. शेपटीकडला पत्रा, डावी बाजू!

इब्राहिम कानाला हात लावून म्हणाला, "गेल्या बाजारात शहापूरच्या कल्हईवाल्याकडून घेतलं, साहेब. त्याच्याकडं अशी खूप आहेत."

मग काय, त्या दिवशी जेवण राहिलं बाजूला आणि आम्ही शहापुरात घरोघर झाकणं तपासत फिरलो. विमान निम्म्या गावाच्या आमटीवर बसलं होतं. एका बाईनं झाकण दिलं, पण वर बजावलं, "न्या. पन आमटी उतू गेली तं चुलीपाशी तुमच्या सायबाला बशिवन!"

माझं लक्ष ह्या गमतीत नव्हतं. कल्हईवाल्यानं बिजागरी वितळवली असेल तर मोहिते संपले, हे मला दिसत होतं. मी कल्हईवाल्याला बाजूला घेऊन हातानं माप दाखवलं, एवढी, जड, अशी अशी. तो म्हणाला, "नाय रे दादा. असली जड चीज आली असती तं मी तिचा बत्ता नसता केला? माज्याकडं नाय आली." मी त्याचे आभार मानले तेव्हा तो बघतच राहिला. नसलेल्या वस्तूबद्दल त्याचे आभार कुणी मानले नसावेत.

* * *

खर्डीच्या पुढच्या एका पाड्यावर पंखाची मागची अख्खी फळी असल्याची बातमी आली. गेलो. खळ्यावर चंद्रीबाय नावाची एक ठसठशीत बाई भात झोडत होती आणि भाताचे भारे ती ज्याच्यावर आपटत होती ती आमची फळी! तिरकी टेकवलेली, आपटून आपटून चांदीसारखी लखलखीत झालेली.

मी येण्याचं कारण सांगितलं. चंद्रीबाय हात न थांबवता म्हणाली, "न्या की. येवढं भात झोडून जालं का न्या."

"किती वेळ लागेल?"

"चार दिस."

साहेबानं बदली लाकडी फळी देऊ केली. चंद्रीबायनं ती बघितलीसुद्धा नाही. "लाकडावर दाना फुटतो. ह्याच्यावर नाय फुटत."

यादीसाहेब हट्टी होता. मदत केली तर चार दिवसांचं काम दोन दिवसांत होईल, असा हिशेब करून त्यानं टोपी काढली, बाह्या सरसावल्या आणि भारा उचलून असा काही हाणला, की दाणे खळ्याबाहेर कुंपणापलीकडं गेले. दोन भारे झाले. तिसऱ्याला चंद्रीबायनं त्याच्या हातातून भारा काढून घेतला.

"ह्याला बसव रे दादा तिकडं सावलीत," ती मला म्हणाली. "कोंबड्या आल्या का हाकल म्हनाव. येवढं तरी जमंल त्याला."

हे मी भाषांतर करताना थोडं मऊ केलं. तरी साहेबाला कळायचं ते कळलं. तो खरंच सावलीत बसला आणि त्यानं संध्याकाळपर्यंत इमानेइतबारे कोंबड्या हाकलल्या. उठताना त्यानं यादी काढली आणि फळीपुढच्या रकान्यात लिहिलं, "वापरात आहे. कामगिरी समाधानकारक."

त्या विमानाबद्दल अख्ख्या यादीत एवढा एकच चांगला शेरा होता!

* * *

आटगावच्या शाळेत भिंतीवर विमानातलं घड्याळ लावलंय असं कळलं. शाळेचे गुरुजी मोठे कडक. आम्हांला त्यांनी तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं, साहेबासकट.

घड्याळ काढून बघितलं तर ते घड्याळ नव्हतंच, विमान किती उंचावर आहे ते दाखवणारं यंत्र होतं. आता ते यंत्र हवेच्या दाबावर चालतं. हवा बदलली, ढग भरून आले, की जमिनीवरसुद्धा त्याचा काटा सरकतो. गुरुजींना हे काही ठाऊक नव्हतं. पण काटा एरवी हलत नाही आणि पाऊस यायच्या आधी हलतो, एवढं त्यांच्या बरोबर लक्षात आलं होतं. त्यांनी नियमच करून टाकला, काटा सरकला की शाळा सुटली!

"गेल्या पावसाळ्यात माझ्या शाळेतलं एकही पोर भिजत घरी गेलं नाही," गुरुजी अभिमानानं म्हणाले.

साहेबानं मला सांगितलं, त्यांना समजावून दे की हे वेळेचं नाही, उंचीचं यंत्र आहे. मी समजावलं. गुरुजींनी चष्मा पुसला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे. पाऊस उंचावरूनच येतो."

* * *

मार्गशीर्षात मोहिते स्वतः कॅम्पवर आले. दवाखान्यातून सुटले होते, पण पाय अजून नीट टेकत नव्हता, काखेत कुबडी. आल्या आल्या त्यांनी बिजागरीचं विचारलं नाही. मला म्हणाले, "मी ज्याच्या शेतात पडलो त्याच्याकडं मला घेऊन चला. त्या दिवशी बोलायचं राहून गेलं."

त्याची हकिगत मी ऐकली होती. आमच्याकडं वैशाखात शेताच्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेणाचा थर रचून जाळतात आणि त्या राखेत भाताची रोपं करतात. त्याला राब म्हणतात. बुधाजी नावाच्या शेतकऱ्यानं पंधरा दिवस डोक्यावरून पाला वाहून राब रचला होता, पेटवायचा तेवढा बाकी होता, आणि मोहिते छत्रीसकट नेमके त्यात उतरले! पाल्यामुळं जीव वाचला, पाय तेवढा मोडला. धावत आलेल्या बुधाजीचं पहिलं वाक्य होतं, "वरून आलास ते आलास, पाय मोडलास तो मोडलास, आता हा पाला गोळा कोन करनार?" असं म्हणत म्हणतच त्यानं झोळी बांधली आणि शेजाऱ्याला घेऊन मोहित्यांना मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत खांद्यावरून नेलं. वाटेत पाणी पाजायला थांबला तेवढाच.

आम्ही लॉरीनं गेलो. मोहित्यांनी त्याच्यासाठी धोतरजोडी घेतली होती. बुधाजी बांधावर बसला होता. त्यानं कुबडीवरून येणाऱ्या माणसाकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"आज खालून आलास?" तो म्हणाला. "ब्येस केलंस!"

मोहिते इतके हसले की कुबडी पडली. मग तांदळाची भाकरी झाली, सुकट झाली. बुधाजीच्या बायकोनं पायाला लावायला कसलासा पाला वाटून दिला. बुधाजीनं विचारलं, "आता परत उडशील ना रे?" मोहित्यांनी वाकून कुबडी उचलली.

परतताना लॉरीत ते म्हणाले, "विमान मोडल्याचं मला एवढं वाटत नाही. मोडतात विमानं. पण मी चीर बघितली होती, सांगितली होती, आणि आज सगळ्यांत खोटा मीच ठरतोय. आईला कळवलंय, फक्त पाय मोडला म्हणून." त्या माणसाची मला फार माया वाटायला लागली होती. मी आपला उगीच म्हणालो, "सापडेल हो." माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

* * *

नाताळ तीन दिवसांवर आला. वरून एक चौकशीसाहेब आला, उंच, मितभाषी, हसणं घरी ठेवून आलेला. रिपोर्ट मीच टाईप केला, दोन बोटांनी. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, पायलटच्या हलगर्जीपणामुळं विमान नष्ट झालं. ते एक पान टाईप करायला मला अख्खी सकाळ लागली. बोटं चालतच नव्हती.

आणि त्याच दुपारी धसईच्या बाजाराहून आलेल्या एका तेल्यानं निरोप आणला. पलीकडच्या एका वाडीवर कोंडवाडा सांभाळणारा लखमा ठाकूर म्हणून म्हातारा आहे. तो म्हणतो, "वैशाखात आभाळातनं पडलेली एक लोखंडी बिजागरी माज्या कोंडवाड्यात हाय. धन्याला पाठवा."

लॉरीत सगळे चढलो. यादीसाहेब, चौकशीसाहेब, मोहिते, मिस्त्री आणि मी. इब्राहिमनं तो रस्ता कसा कापला ते त्यालाच ठाऊक.

कोंडवाडा म्हणजे दगडाचं कुंपण घातलेली जागा. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की गावकरी ते लखमाच्या ताब्यात देत. धनी शोधत यायचा. लखमा जनावर दाखवायच्या आधी त्याला खूण विचारायचा. खूण पटली तरच जनावर सुटायचं. ह्या नियमात लखमानं उभ्या हयातीत फरक केला नव्हता. बिजागरी कुणाच्या तरी शेतात परक्याची चीज म्हणून पडली होती, तेव्हा लखमाच्या मते तीही कोंडवाड्यातच जायला हवी होती. त्यानं ती आत कुठंतरी नीट ठेवली होती. कुठं, ते त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

यादीसाहेबानं यादी उघडून बिजागरीचं चित्र दाखवलं. लखमानं ते लांबून पाहिलं. "चित्तर कोनीबी काढंल. खूण सांगा."

साहेबानं त्यावर ठोकलेला नंबर वाचून दाखवला.

"त्यो वरून दिसतो. गाईच्या कपाळावरचा ठिपका समद्या गावाला ठावं असतो, त्याला खूण नाय म्हनत. धन्यालाच ठावं असंल असं सांगा."

चौकशीसाहेबाचा संयम सुटला. "पोलिसांना बोलवा," तो म्हणाला. मी ते लखमाला सांगितलं.

"बलवा की," लखमा म्हणाला. "फौजदाराची म्हस हितंच कोंडली व्हती. त्यालाबी खूण सांगाया लागली."

बाबू मिस्त्रींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

एवढ्यात मोहिते लॉरीतून उतरून कुबडीवर पुढं आले. लखमानं विचारलं, "तुमी कोन?"

"मी चालवत होतो, बाबा."

लखमाचा आवाज एकदम बदलला. "मंग तुमी मागं का ऱ्हायलाव? हाकनारा पुढं येतो. बसा. पाय दुखत असंल. आता खूण सांगा."

मोहिते दगडावर बसले. मग सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखं बोलू लागले. "बाबा, मोडलेल्या जागी बघा. तिथं आधी केसाएवढी चीर होती. मी बोटानं चाचपली होती, सांगितलीही होती. मग विमानाला खालून पिवळा रंग दिला आणि चीर दिसेनाशी झाली. सगळे म्हणाले, कुठाय चीर? पण रंग पातळ होता. तो चिरेत उतरला असणार. तुटलेल्या कडेला, बाहेरून नव्हे, आतल्या बाजूला पिवळं असेल."

मी इंग्रजीत सांगत होतो. चौकशीसाहेबानं मला अडवलं. "आत रंग? मोडल्यावर आत रंग कसा जाईल?"

"मोडल्यावर जाणारच नाही, साहेब," मोहिते म्हणाले.

लखमा उठला, आत गेला, गव्हाणीमागचा एक धोंडा सरकवला आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आला. गाठ सुटता सुटेना. शेवटी गाठ सुटली. लखमानं बिजागरी उचलली आणि तुटलेली कड उन्हाकडं केली. अर्धी कड लख्ख चमकत होती. अर्धी आतून पिवळी होती.

चौकशीसाहेब पुढं झाला. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग बॅग उघडली, रिपोर्टचं शेवटचं पान काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. मोहित्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझेही डोळे भरून आले, उगीच खोटं कशाला सांगू! मिस्त्री मोठ्यानं नाक शिंकरत होते.

यादीसाहेबानं बिजागरी घ्यायला हात पुढं केला. लखमानं ती दिली नाही. त्यानं मोहित्यांचा हात ओढून त्यांच्या तळव्यावर ती ठेवली.

"खूण पटली. जनावर ह्याचंच हाय," तो म्हणाला. मग त्या पिवळ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान वर करून चौकशीसाहेबाला विचारलं, "पन सायेब, ह्याचं दुखनं जुनं हाय. दुखनं ठावं असून ह्याला जू कोनी लावलं?"

"काय म्हणतोय तो?" चौकशीसाहेबानं मला विचारलं.

मी सांगितलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.